भुईचा वाटा

आमच्या गावातले पुरुष ही गोष्ट सांगायला बसले की त्यातलं डुक्कर दर वर्षी थोडं थोडं वाढतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते वासराएवढं होतं. आता रेड्याएवढं झालंय. माझे चुलत सासरे बुधाजी तर गोष्टीच्या मधोमध स्वतःलाच उभं करतात आणि माझ्या सासूला, बायजाला, कुठेतरी कडेला ठेवतात, डोईवर पदर आणि हात जोडलेले. माझ्या सासूने जन्मात हात जोडले असतील तर ते देवापुढे, आणि तेसुद्धा त्याच्याशी भांडून झाल्यावर.

म्हणून आता मी सांगते. मी तिची सून. तिच्या शिव्या खाल्ल्यात, तिच्या हातचं जेवलेय, आणि तिने या घराच्या गळ्यात जे बांधून ठेवलंय ते दर आषाढात कमरेतून वाकून मीच ओढते. बुधाजींनी एक दिवस ओढावं आणि मग खुशाल गोष्ट सांगावी.

आमचं गाव कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. खाली भाताची खाचरं, वर सरकारी जंगल, आणि दोन्हींच्या मध्ये उताराची रानं. या उतारांना आम्ही वरकस म्हणतो. खाली ज्याची खाचरं, वर त्याचं वरकस, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वरकसात मुख्य झाड ऐनाचं. हिवाळ्यात झाडावर चढून फांद्या तोडायच्या, शेंडा तेवढा राखायचा, म्हणजे झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. तोडलेल्या टहाळ्यांचे भारे सुकवायचे, रोपाच्या जागेवर शेणाबरोबर अंथरायचे, वर पाचोळा आणि माती टाकून उन्हाळ्यात भाजायचं. हा राब. राब भाजलेल्या राखेतच रोप जोमाने उठतं. ज्याचं वरकस गेलं त्याचा राब गेला, आणि ज्याचा राब गेला त्याने खाचरात काय लावायचं?

बायजाचा नवरा, म्हणजे माझा सासरा, तापाने गेला तेव्हा माझा नवरा झोळीत होता. पुढच्या हिवाळ्यात बायजा लुगडं घट्ट खोचून, कमरेला कोयता अडकवून स्वतः ऐनावर चढली. बाई झाडावर चढते म्हणून गावात तोंडं वाकडी झाली. तोंड वाकडं करणाऱ्यांपैकी एकानेही तिला एक भारा तोडून दिला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुरुषांच्या गोष्टीत हे कधी येत नाही.

घाटातून आगगाडी पळायला लागून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. सरकारला लाकूड पुरेना, म्हणून डोंगरावर जंगलाच्या नव्या हद्दी घालायचं निघालं. त्यासाठी एक गोरा साहेब आला आणि त्याने कशेळ्याला तंबू ठोकले. तो मराठी शिकलेला होता. सावकाश बोलायचा, एकेक शब्द पारखून घ्यायचा, पण त्याचं बोलणं कळायचं. आठवडाभर तो हद्दीचे दावे ऐकायचा आणि रविवारी शिकार करायचा. त्याचा खरा जीव रविवारात होता असं माझं मत आहे. हद्दीच्या कागदांवर तो जांभया द्यायचा, आणि कुणी सांबराचं नाव काढलं की ताठ व्हायचा.

तंबूत बायजाची पाळी आली तेव्हा साहेबाच्या शेजारी भिकाजीपंत कारकून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कागद?"

"कागद नाय, भाऊसाहेब. झाडं हायेत."

"झाडं साक्ष देतात की काय?"

"देत्यात. ऐनाच्या अंगावर तोडीच्या गाठी बघा. खालच्या गाठी माझ्या आजेसासऱ्याच्या हातच्या, मधल्या सासऱ्याच्या, वरच्या माझ्या धन्याच्या. ह्या वर्साच्या माझ्या."

"गाठी काय, चोरही पाडतो," पंत म्हणाले. साहेबाने जांभई दाबली. रविवारी आपण त्याच बाजूला शिकारीला येणार आहोत, तेव्हा जागा डोळ्यांनी बघू, मग ठरवू, एवढंच तो बोलला. पण बाहेर आल्यावर पंतांनी बुधाजींना गाठून सांगितलं की ज्याला कागद नाही त्याच्या वरकसाच्या खालून हद्दीचा दगड पडणार. दगड खालून पडला की वरचं सगळं सरकारात. वहिनीला म्हणावं, रडारड करू नकोस.

बायजा रडली नाही. तिचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं.

आता शिकारीचा आमचा कायदा सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे. जनावर कुणीही मारो, ते ज्याच्या रानात पडेल त्याला मागची उजवी तंगडी. हा भुईचा वाटा. तो काढून दिल्याशिवाय जनावर बांबूला बांधायचं नाही आणि जागचं हलवायचं नाही. पण वाटा फुकटचा नसतो. हाक्यात, म्हणजे ढोल-आरोळ्यांनी जनावर उठवताना, त्या रानात कुणी माणूस जायबंदी झाला, तर त्याच्या शेताची लावणी भुईच्या धन्यावर. तंगडी खाल्लीस तर माणूसही सांभाळ. म्हणून आमच्याकडे तंगडीसाठी खोटं कुणी बोलत नाही. बोललं तर अंगाशी येतं.

साहेबाचं डुक्कर बायजाच्या वरकसात पडलं, आणि साहेबाच्या, कारकुनाच्या आणि सगळ्या हाकाऱ्यांच्या देखत तिने भुईचा वाटा घेतला, तर मग ती भुई दुसऱ्या कुणाची म्हणणार? कागद नसला म्हणून काय झालं.

अडचण एकच होती. डुक्कर तिच्या वरकसात पडायचंच नाही. हाका वरच्या जंगलातून खाली निघायचा आणि जनावरं नेहमी वरकसाच्या कडेने जाणाऱ्या नाळेत शिरायची. नाळ म्हणजे पावसाळ्यातल्या पाण्याने कापलेली खोल वाट, करवंदीने दोन्ही बाजूंनी झाकलेली. डुकराला तिच्याहून चांगली वाट नाही. साहेब खाली बांधावर बसणार होता. तिथून नाळेचं तोंड आणि बायजाचा उतार दोन्ही दिसायचे.

बायजाच्या वरकसाचा एक कोपरा नाळेला भिडलेला होता. तिथे नाचणीच्या रोपासाठी राब भाजायची जागा होती. शनिवारी दिवसभर तिने तिथे पाचोळा ओढला, वर थोडा ओलसर पाला टाकला. बघणाऱ्याला वाटलं, बाई राबाची तयारी करतेय. राबाचेच दिवस होते, कुणाला काय वाटणार?

रविवारी उन्हं वर यायच्या आत हाका लागला. डोंगरावर ढोल, थाळ्या, डबे, आणि माणसांच्या आरोळ्या. म्होरके बुधाजी. बांधावर साहेब दुनळी बंदूक घेऊन बसलेला, मागे पाणी घेऊन चाकर, आणि पंतही होते, पण बंदुकीपासून बऱ्याच अंतरावर. आवाज अर्ध्या डोंगरावर उतरला तसं बायजाने विस्तवाचं खापर त्या ढिगात सारलं. वारा वरून खाली होता. धूर थेट नाळेत उतरला.

एक मोठं, एकटं फिरणारं डुक्कर नाळेत आलं, धुराला बिचकलं आणि फिरलं. नाळेतून उसळी मारून ते वरकसाच्या कडेला चढलं. इथे बायजाचा हिशेब चुकला. जनावर बाजूला फुटू नये म्हणून हाक्याच्या कडेला माणसं गप्प उभी करतात, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी नाळेच्या त्याच वळणावर वरच्या ठाकरवाडीतला पोशा उभा केलाय, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. पोशाने टाळ्या वाजवल्या. डुकराच्या मागे धूर होता, टाळ्यांना भिऊन ते परत कुठे जाणार? त्याने पोशाच्या मांडीत सुळा घातला आणि उघड्या उतारावर आलं. दोन बार झाले. बायजाच्या सगळ्यात जुन्या ऐनाखाली ते कोसळलं.

हाकारे खाली आले. काहींनी पोशाला उचलून सावलीत ठेवलं आणि मांडी मुंडाशाने आवळून बांधली. त्याची बायको पारू वाडीतून धावत आली. रक्त थांबलं, पण पाय त्याला हलवता येईना. बायजाने ते पाहिलं. नंतर ती मला म्हणायची की त्या घडीला तिला घरी पळून जावंसं वाटलं होतं, दार लावून आत बसावंसं वाटलं होतं. ती पळाली नाही. ती जाऊन डुकरावर बसली.

दोघंजण बांबू घेऊन आले होते ते थबकले.

"मागची उजवी माझी," ती म्हणाली. "तोडा, द्या, मंग उचला."

"ऊठ बाई," पंत म्हणाले. "ही जागा सरकारात जायची आहे. तुझा कसला वाटा?"

"जायाची हाय न्हवं? गेली नाय आजून."

साहेब मजेत होता. त्याला डुक्कर मिळालं होतं. त्याने बुधाजींना विचारलं, ही काय मागते. बुधाजींनी त्याला भुईचा वाटा समजावून सांगितला, पूर्वार्ध तेवढा. साहेबाने ऐकलं, मान डोलावली, म्हणाला, "शिकारीचा नियम आहे तर पाळला पाहिजे," आणि चाकराकडे सुरीसाठी हात केला.

पंत झटकन पुढे झाले. ते इंग्रजीत कुजबुजले. काय कुजबुजले ते सांगायला इंग्रजी यायला नको. साहेबाचा हात तसाच राहिला आणि चेहऱ्यावरची मजा गेली. मग पंत सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले, "जागा सरकारची ठरेल, तेव्हा वाटाही सरकारचा. तंगडी साहेबांच्या तंबूत जाईल."

स्वतःच्या या हुशारीवर ते हसलेसुद्धा. आणि इथे मी बुधाजींना त्यांचं श्रेय देते, एकदाच देते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "चालंल की. सरकारनं घ्यावी तंगडी. फकस्त आषाढात पोशाची लावणी कराया सरकारातून कोन कोन येनार, तेवढं सांगा. आमी चिखल करून ठेवू."

"म्हणजे?" साहेबाने विचारलं.

बुधाजींनी कायद्याचा उत्तरार्ध सांगितला. साहेबाने पोशाकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं. पंत म्हणाले, "सरकार कुठे लावणी करतं?"

"मंग सरकार तंगडी बी खात नाय," बुधाजी म्हणाले.

हाकाऱ्यांत कुणीतरी फिसकन हसलं. पंतांचे कान लाल झाले. हसलेला माणूस कारकून विसरत नाही. त्यांनी नाळेच्या कोपऱ्याकडे बोट केलं. ढीग अजून धुमसत होता.

"तंगडीचं राहू द्या. ती आग कुणी लावली ते आधी सांगा. हाका चालू असताना, जंगलाला लागून आग. तिच्यामुळे जनावर फिरलं, तिच्यामुळे माणूस फाटला. सरकारी रानात आग लावणाऱ्याला तुरुंग आहे."

गावाला कळायचं ते तेव्हाच कळलं. त्या कोपऱ्यात शनिवारी पाचोळा कोण ओढत होतं ते अर्ध्या गावाने पाहिलं होतं. बुधाजी जमिनीकडे बघायला लागले. बायजाने नुसतं गप्प बसायचं होतं, कुणीही तिचं नाव घेतलं नसतं. पण गप्प बसली असती तर तो कोपरा कुणाचा ठरला असता?

"मी लावली," ती म्हणाली. "माझ्या रानात."

पारू पोशाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने ते हळूच खाली ठेवलं, उठली, चालत आली आणि बायजाच्या फाडकन मुस्कटात मारली. बायजा डुकरावरून हलली नाही, आणि हातही उचलला नाही.

"मुद्दाम लावलीस?"

"मुद्दाम लावली. डुकराला वळवाया. पोशा तितं हाय ते मला ठावं नव्हतं."

"ठावं नव्हतं म्हनून काय त्याची मांडी शिवली जानार हाय?"

"नाय."

साहेब उभा राहिला होता. तो चिडला होता यात शंका नाही. आपला हाका एका बाईने वळवला, आपलं डुक्कर पडलं ते तिने ठरवलेल्या जागी, हे कुठल्या शिकाऱ्याला आवडेल? तो म्हणाला, "बाई, तुम्ही काय बोलता ते तुम्हाला समजतं का? हे रान सरकारी असेल तर तुम्ही तुरुंगात जाल."

"समजतंय, सायेब. रान सरकारी आसंल तर मला तुरुंग आन् पोशाची लावणी सरकारवर. रान माझं आसंल तर आग माझी, तंगडी माझी, लावणी बी माझ्यावर. दोन्हीतलं तुमी सांगाल ते घेते. पन रान सरकारी, आग माझी आन् लावणी कुनाचीच नाय, आसं नाय चालायचं."

पंत काहीतरी बोलणार होते. पारूने त्यांना बोलू दिलं नाही. ती साहेबाकडे वळली. गोऱ्या माणसाशी ती जन्मात बोलली नव्हती, पण त्या दिवशी तिला गोरं-काळं काही दिसत नव्हतं.

"हिला तुरुंगात घालू नका," ती म्हणाली. "हिला तुरुंगात घातलंत तर माझं खाचर कोन लावंल? तुमी लावाल, का ह्यो लेखणीवाला? तंगडी हिलाच द्या. सगळ्यांच्या म्होरं द्या. हिनं खाल्लीच पायजे. मंग बघते आषाढात कशी येत नाय ती."

मी ही गोष्ट सासूकडून ऐकली आणि पारूकडूनही ऐकली. दोघींचं एकमेकींशी कधी धड जमलं नाही, पण इथवर आल्या की दोघी अगदी सारखं सांगायच्या. हाकारे एकेक करून खाली बसले. ढोलवाल्याने ढोल उलटा करून जमिनीवर ठेवला. बांबू घेतलेल्या दोघांनी बांबू ऐनाला टेकवला. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी धमकी दिली नाही. आमची माणसं नाही म्हणायची असली की खाली बसतात.

साहेबाला हे कळलं असावं. पुढच्या रविवारी त्याचे मुंबईचे पाहुणे शिकारीला यायचे होते, आणि हाक्याशिवाय डुक्कर काही आपण होऊन पाहुण्यांपुढे येत नाही. पुरुष सांगतात की साहेब न्यायी होता. असेल. त्याने वर ऐनाकडे बराच वेळ पाहिलं, खोडावरच्या गाठींवरून, खालपासून वरपर्यंत. मग तो पंतांना म्हणाला, आणि मुद्दाम मराठीत म्हणाला, "खोटा मालक वाटा मागेल. हे ओझं मागणार नाही." मी म्हणते, न्याय अर्धा आणि पाहुणे अर्धे. मला दोन्ही चालतं.

त्याने सुरी घेतली. बायजा उठली. साहेबाने स्वतःच्या हाताने मागची उजवी तंगडी सोडवली. सवयीचा हात होता, वेळ लागला नाही. तंगडी त्याने तिच्यापुढे धरली. तिने पदर पसरला नाही, दोन्ही हातांनी घेतली आणि खांद्यावर टाकली. रक्त पाठीवरून लुगड्यात उतरलं. मग तिने पारूकडे पाहून विचारलं, "अर्धी देऊ?"

"मास नको मला," पारू म्हणाली. "लावणी पायजे."

त्या संध्याकाळी बायजाने ते मांस शिजवलं आणि खाल्लं. तिला एकटीला संपणारं नव्हतं, भाऊबंदांत वाटलं, पण आधी स्वतः खाल्लं, दाराशी बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. प्रत्येक घासाला पोशाची मांडी डोळ्यांपुढे यायची, असं तिने मला एकदाच सांगितलं. घास गिळताना रडत होते, पण थांबले नाही, म्हणाली. थांबले असते तर पारूला काय तोंड दाखवलं असतं?

चैत्रात हद्दीचे दगड आले. बायजाच्या वरकसाच्या वरून पडले. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची वरकसं आत गेली, कागद असूनही एकाचं गेलं. त्यांनी पुढे कितीतरी हेलपाटे घातले. तो संताप वेगळा आहे आणि आमच्या गावात अजून धुमसतो आहे.

आषाढ आला. बायजाचं रोप चांगलं उठलं होतं. तिने पहिल्या मुठी उपटल्या, डोईवर घेतल्या आणि वर ठाकरवाडीची वाट धरली. बुधाजी आडवे आले. श्रेय एकदाच देईन म्हटलं होतं ते याचसाठी.

"वैनी, आगं कुणब्याच्या बाईनं ठाकराच्या खाचरात वाकायचं? लोक काय म्हनतील? दोन मानसं मजुरीनं धाडून दे."

"भावजी, तंगडी मी मजुरीनं खाल्ली नाय," ती म्हणाली आणि त्यांना वळसा घालून पुढे गेली.

तिने पोशाचं खाचर एकटीने लावलं. पारू बांधावर उभी राहून ओळी बघत होती, आणि वाकडी ओळ दिसली की उपटून परत लावायला सांगत होती. बायजाने उपटलं, परत लावलं. तोवर तिचं स्वतःचं रोप जून झालं, आणि त्या वर्षी तिच्या घरात भात कमीच आलं. वरकस राहिलं मात्र.

पोशाचा पाय वाकडाच राहिला. पुढच्या आषाढात बायजा पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. शिकारीचा कायदा आमच्या पूर्वजांनी केला तेव्हा किती वर्षं ते सांगायचं ते विसरले, किंवा त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. मी सून म्हणून आले त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूने माझ्या हातात रोपाच्या मुठी दिल्या आणि डोंगराकडे बोट केलं. मी तेव्हा फणकाऱ्याने विचारलं होतं, "अजून किती वर्षं?"

"त्याची तंगडी सरळ होईस्तवर," ती म्हणाली.

मी चिडले होते. कुणाचं डुक्कर, कुणाची आग, आणि कंबर माझी. एका वर्षी तर मी जात नाही म्हणून चुलीपाशी बसून राहिले. तेव्हा सासूची पाठ पार वाकली होती. तिने मुठी डोईवर घेतल्या आणि निघाली. मी धावत जाऊन त्या हिसकावून घेतल्या. पोशा बांधावर बसलेला असतो, वाकडा पाय पुढे सोडून, आणि पारूपेक्षा जास्त खोड्या काढतो. माझ्या ओळी त्याला कधीच सरळ दिसल्या नाहीत.

सासू गेली त्या दिवशी गावातल्या बायकांच्या आधी वाडीवरून पारू आली. मढ्याशेजारी बसली आणि तिला शिव्या द्यायला लागली, माझ्या नवऱ्याला मोडलंस, माझ्या आधी कशी गं गेलीस, आणि रडत रडत तिचे पाय चोळत राहिली. तिला आवरायला कुणी गेलं नाही.

परवा श्रावणात जंगलाचा एक नवा रखवालदार आला. तरणा, टोपी नवी, बोलणं वरच्या पट्टीतलं. दगड जुने झालेत, पुन्हा मोजणी व्हायची आहे, म्हणाला. ऐनाखाली उभा राहून त्याने मला विचारलं, "हे रान तुमचं कशावरून? कागद काढा."

मी म्हटलं, "चला, दावते."

मी त्याला डोंगर चढवला. चिखलातून, काट्यांतून, थेट ठाकरवाडीपर्यंत. नव्या वहाणा त्याने हातात घेतल्या. पोशाच्या खाचरात भात गुडघ्याएवढं उभं होतं, हिरवंगार, आणि ओळी, पोशा काहीही म्हणो, सरळ होत्या. बांधावर पोशा पाय सोडून बसला होता. मी रखवालदाराला तो पाय दाखवला आणि ते भात दाखवलं.

"ह्यो आमचा कागद," मी म्हटलं. "दर वर्सी नवा लिवावा लागतो. म्होरल्या आषाढात तुमी या, वाका, आन् ह्ये सगळं खाचर लावा. मंग खाली येऊन माझं रान घ्या."

तो पोशाकडे बघायला लागला. पोशाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, त्याची कंबर बघितली, हात बघितले.

"ह्याला नाय जमायचं," पोशा म्हणाला. "तूच ये."